सूनबाईने चोरलेली झोप

दुपारची जेवणं उरकल्यावर आमच्या गावातल्या जुन्या सिनेमागृहाच्या दारात एवढी रेटारेटी मी पूर्वी पाहिली होती ती मारामारीचा सिनेमा लागला होता तेव्हा. सिनेमागृहाला कुलूप लागून बरीच वर्षं झाली. आता तिथे निद्रामहाराज लागले होते आणि हाउसफुल जात होते.

मी निवृत्त माणूस. वर्तमानपत्रात लोकांच्या खोड्या काढून पोट भरलं. त्या धंद्यात हात लावून मुतखडा काढणारे पाहिले, तांब्याचं सोनं करणारे पाहिले, अंगात येणारे तर किती पाहिले. सगळ्यांचं पितळ उघडं पडलेलंही पाहिलं. प्रत्येक वेळी वाटायचं, आता तरी लोक शहाणे होतील. हल्ली वाटत नाही. माझं वय झालं, चमत्कारांचं होत नाही. त्यामुळे त्या दुपारी मी गेलो तो भांडायला नव्हे. धाकट्या बहिणीने दंडाला धरून नेलं म्हणून गेलो.

आत अंधार होता, गारवा होता आणि मऊ खुर्च्या होत्या. पडद्याच्या जागी पांढरी चादर, तिच्यापुढे जुन्या मॅनेजरची फिरती खुर्ची, खुर्चीवर मखमल आणि मखमलीवर महाराज. गोल चेहरा, हळू आवाज, हातात चांदीच्या मुठीची काठी. पुढच्या रांगा ‘पीडितांसाठी’ राखीव. पीडित म्हणजे काच कारखान्याचे रात्रपाळीवाले. आमचं अर्धं गाव त्या कारखान्यात बाटल्या बनवतं. भट्टी कधी विझत नाही, म्हणून पाळ्याही थांबत नाहीत, आणि झोप न येणाऱ्यांचा तुटवडाही पडत नाही.

“निद्रा तुमच्यावर रुसलेली नाही,” महाराज म्हणाले. “तिला पळवलंय. आणि पळवणारा परका नाही. डोळे मिटा आणि आठवा, तुमच्या घरात सगळ्यात गाढ कोण झोपतं? ज्याची झोप ज्यादा, त्याच्याकडे तुमची झोप.”

मला हे अर्थशास्त्र आवडलं. जगात झोप ठरावीकच आहे, एकाने जास्त घेतली की दुसऱ्याला कमी पडणार.

मागून एकसुरी जप सुरू झाला. महाराज उठले, रांगेतून हळूहळू चालू लागले. काठीची मूठ एकेकाच्या कपाळाला टेकवायची, कानात “जा बाळा, जा” म्हणायचं, की मान खाली. शेजारच्याला टेकवली, त्याचीही मान खाली. भट्टीवर काम करणारा एक आडदांड गडी, ज्याला महिनाभर धड झोप नव्हती म्हणे, तो असा घोरायला लागला की जप करणाऱ्यांना पट्टी बदलावी लागली. त्याची बायको तोंडाला पदर लावून रडत होती. सभागृहातून ‘अहाहा’ उठलं. माझ्या बहिणीने माझ्याकडे असं पाहिलं, जणू ते सगळं तिनेच करून दाखवलं होतं.

खरं सांगायचं तर माझेही डोळे जड झाले होते. पण मला रोजच दुपारी होतं ते, त्यामुळे मी त्याचं श्रेय महाराजांना दिलं नाही.

बहिणीचा एकुलता एक मुलगा, म्हणजे माझा भाचा, याच कारखान्यात बाटल्या तपासतो. सरकत्या पट्ट्यावरून बाटल्या येत राहतात, त्यांच्या मागे पांढऱ्याशुभ्र उजेडाची मोठी काच असते, आणि त्या उजेडात डोळे घालून याने तडा, बुडबुडा, वाकडी मान शोधायची. वर्षभरापासून त्याची झोप गेली होती. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, बोलताना शब्द सापडायचा नाही, एकदा तर कपाट उघडून आत चप्पल शोधत उभा राहिला. त्याची बायको पोस्टात काउंटरवर बसते. रोज ठरलेल्या वेळी जाणं, ठरलेल्या वेळी येणं आणि ठरलेल्या वेळी उशीला डोकं टेकलं की संपलं. घरावरून मिरवणूक गेली तरी कूस बदलायची नाही.

काही आठवड्यांपूर्वी बहीण पहिल्यांदा गेली तेव्हाही महाराजांनी हेच विचारलं होतं, घरात सगळ्यात गाढ कोण झोपतं? बहिणीला उत्तर द्यायला क्षणही लागला नाही.

मी पुढे चौकशी केली. गावातल्या बहुतेक घरांत चोर म्हणून सूनच निघाली होती, दोन-तीन ठिकाणी घरजावई. सासू कुठेही निघाली नाही. एक तर वय झालं की झोप कमीच होते, आणि दुसरं, महाराजांकडे येणाऱ्या त्याच होत्या.

महाराजांनी परीक्षा सांगितली. सुनेला काही दिवस तिच्या भावाकडे पाठवा. तेवढे दिवस मुलाने व्रत पाळायचं: कामावर जायचं नाही, चहा प्यायचा नाही, दिवेलागणीनंतर टीव्ही-मोबाइल बघायचा नाही. भाच्याने रजा टाकली. आणि चमत्कार झाला, पठ्ठ्या रात्ररात्र झोपला. सून परत आली, रजा संपली, रात्रपाळी सुरू झाली आणि झोप पुन्हा गेली. बहिणीच्या दृष्टीने खटला संपला. तिने भर गल्लीत, शेजारणी दारात उभ्या असताना, सुनेला सांगितलं, “माझ्या पोराची झोप खाऊन तू गुबगुबीत होतेस. बॅग भर.” सून बॅग भरून गेली. भाचा नुसता उभा होता. त्याला वाईट वाटत होतं, पण वाईट वाटायलासुद्धा थोडी झोप लागते.

येत्या रविवारी सुनेच्या भावाला बोलावून कायमचं काय ते ठरवायचं होतं. त्याआधी महाराजांचा कौल घ्यायला बहीण आली होती, आणि घरातलं वडीलधारं माणूस हवं म्हणून मला आणलं होतं. महाराजांनी कौल दिला, “चोर आणि तिजोरी एका घरात ठेवू नये.”

घरी परत आल्यावर मी भाच्याला विचारलं, “तुला काय वाटतं?”

“मामा,” तो म्हणाला, “मला फक्त झोपायचंय. त्यासाठी कुणी काहीही सांगितलं तरी मी हो म्हणतो.”

मग मात्र मला राहवेना. मी कारखान्याच्या दवाखान्यातल्या डॉक्टरबाईंना गाठलं. बाई पन्नाशीच्या, कायम सर्दी झालेल्या, आणि बोलण्यात साखर घालायची असते हे त्यांना कुणी सांगितलेलं नसावं. मी पाहिलेलं सगळं त्यांना सांगितलं. सांगून झाल्यावर त्यांनी एकच विचारलं, “काठी टेकवण्याआधी ती माणसं किती वेळ जागी होती?”

ते मला माहीत नव्हतं. चौकशी केली तेव्हा कळलं, ‘जागृतिव्रत’ नावाची एक अट होती. दर्शनाच्या दिवशी रात्रपाळी सुटल्यावर डोळ्याला डोळा लावायचा नाही, सकाळभर सेवा करायची, दुपारी महाराजांकडचं भरपेट जेवण घ्यायचं आणि मग पुढच्या रांगेत बसायचं.

डॉक्टरबाईंनी नाक पुसलं. “रात्रभर काम, सकाळभर सतरंज्या झटकायच्या, वर पोटभर जेवण, मऊ खुर्ची आणि अंधार. अहो, या माणसांना जागं ठेवून दाखवा म्हणावं. तो चमत्कार होईल.”

त्यांनी मला जे समजावलं ते मी माझ्या भाषेत सांगतो, चुकलं तर दोष माझा. मेंदूच्या तळाशी, डोळ्यांच्या मागच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याहून लहान असं एक घड्याळ आहे. ते उजेड बघून चालतं. अंधार पडला की त्याच्या इशाऱ्यावर एक ग्रंथी मेलॅटोनिन नावाचं हार्मोन सोडते. ते काही झोपेचं औषध नव्हे, ती दवंडी असते की रात्र झाली, आवरा. पहाटेकडे ते ओसरतं आणि कॉर्टिसॉल नावाचं दुसरं चढू लागतं, ते अंगाला उठायला लावतं. याच्या जोडीला दुसरा हिशेब चालू असतो: माणूस जितका वेळ जागा, तितकी झोपेची ओढ मेंदूत साठत जाते. दुपारी घड्याळ जरा ढिलं पडतं, म्हणून ती ओढ जिंकते. संध्याकाळी मात्र घड्याळ सगळ्यात जास्त जोर लावून जागं ठेवतं. दिवसभर दमलेला माणूससुद्धा संध्याकाळी टक्क जागा असतो, तो त्यामुळे.

“आणि माझा भाचा?”

“तो रात्रभर दिव्यात डोळे घालून बसतो. त्याच्या घड्याळाला वाटतं दुपार आहे, दवंडी पिटलीच जात नाही. सकाळी उन्हातून घरी जातो, म्हणजे पुन्हा उजेड. आडवा होतो तेव्हा शरीर उठायच्या तयारीत. बरं, घड्याळ नव्या वेळेला जरा सरकायला लागतं न लागतं तोच पाळी बदलते, तीही उलटी.”

या उलट्या पाळीची कथा मला माहीत होती. आमच्याकडे रात्रपाळीनंतर दुपारपाळी आणि दुपारपाळीनंतर सकाळपाळी येते. म्हणजे दर आठवड्याला आधीपेक्षा लवकर झोपा. डॉक्टरबाई म्हणाल्या की माणसाला उशिरा झोपणं जमतं, लवकर झोपणं जमत नाही, हे कुठल्याही आईला विचारा. पण ही उलटी फेरी मालकाने लादलेली नव्हती. तिच्यात सकाळपाळी संपल्यावर रात्रपाळीपर्यंत लांबलचक सुट्टी पडते, म्हणून कामगारांनीच संप करून ती मिळवली होती. जिंकल्यावर गुलाल उधळून मिरवणूकही काढली होती. इतक्या थाटात स्वतःची झोप घालवलेली माणसं मी दुसरीकडे पाहिलेली नाहीत.

हे सगळं मी बहिणीला सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, “मग ती का झोपते?”

“तिची वेळ ठरलेली आहे म्हणून.”

“तू पहिल्यापासून देवाधर्माच्या विरुद्धच,” ती म्हणाली आणि भाजी चिरायला लागली.

तेव्हा मी महाराजांकडेच गेलो. नम्रपणे म्हटलं की आपल्यावर चार ओळी लिहाव्यात असं मनात आहे, पण दुपारी माझेच डोळे मिटतात, त्यामुळे चमत्कार नीट दिसत नाही. संध्याकाळी दिवे लावून एकदा कृपा कराल का? माणसं मी आणतो, कुठलीही सेवा नको, जेवण नको. महाराज क्षणभर घुटमळले. पण छापून यायचं म्हटलं की भल्याभल्यांची साधना डळमळते. ते हो म्हणाले.

मी सकाळपाळीचे लोक नेले. आदल्या रात्री बऱ्यापैकी झोपलेले, घरी जाऊन अंघोळ केलेले, चहा घेतलेले. सगळे दिवे लावले होते. बहीण पहिल्या रांगेत होती, डॉक्टरबाईही येऊन कडेला बसल्या होत्या. जप झाला, महाराज उतरले, काठी टेकली, “जा बाळा, जा” झालं. एकही बाळ कुठे गेलं नाही. महाराजांनी आवाज आणखी हळू केला, मूठ जरा जास्त वेळ दाबून धरली. सगळे त्यांच्याकडे टकामका बघत राहिले. शेवटी एक फिटर अदबीने म्हणाला, “महाराज, परत एकदा लावता का? मला वाटतं नीट चिकटली नाही.”

मागच्या रांगेत कोणी तरी फिस्सकन हसलं.

महाराज खुर्चीत बसले. म्हणाले, सभागृहात कुणी तरी मोठा निद्राचोर आहे. मग डॉक्टरबाईंकडे बोट दाखवलं. त्या त्या वेळी शिंकत होत्या, त्यामुळे आरोप त्यांच्या लक्षात आला नाही.

मला वाटलं झालं काम. कसलं काय. बाहेर पडता पडता बहीण म्हणाली, “संध्याकाळ ही त्यांची वेळच नाही. तूच मुद्दाम अडचणीची वेळ मागितलीस. त्यांची शक्ती दुपारची.”

इतक्या वर्षांत मला एक गोष्ट कळली आहे. बुवाचं पितळ उघडं पडलं की बुवा लाजत नाही, भक्त लाजतो, आणि ती लाज झाकायला तोच पुढे धावतो. मी थकून पायरीवर बसलो. पण डॉक्टरबाई तिच्याशी वाद घालायला गेल्या नाहीत. म्हणाल्या, “बरोबर आहे मावशी, शक्ती दुपारचीच आहे. उद्या दुपारी कँटीनमध्ये या. मला तुमची मदत हवी आहे.”

दुसऱ्या दिवशी आठवड्यातला दुसरा दर्शनाचा वार होता. रात्रपाळीवाले व्रत करून ताटकळत होतेच. त्यांतले काही, माझ्या भाच्यासकट, डॉक्टरबाईंनी कँटीनमध्ये बोलावले. जेवू घातलं. आरामखुर्च्या मांडल्या, खिडक्यांवर जाड कापडं टाकली, पंखा लावला. मग कँटीनवाल्याच्या भांड्यांतून एक लांब दांड्याचा डाव उचलून त्यांनी माझ्या बहिणीच्या हातात दिला.

“याचं काय करू?”

“महाराज काठीचं करतात तेच. कपाळाला टेकवा आणि ‘जा बाळा, जा’ म्हणा.”

“मी?” बहीण मागे सरकली. “मला काय येतंय त्यातलं?”

“तेच बघायचंय.”

बहिणीने माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं. शेवटी ती पुढे झाली. पहिला होता तोच भट्टीवरचा आडदांड गडी. तिने चाचरत डाव टेकवला, पुटपुटली. त्याची मान कलंडली. ती दचकून मागे आली, जणू तिच्या हातून काही फुटलं. दुसऱ्याकडे गेली. त्याचंही तेच. तिसऱ्याला टेकवताना ती मंत्र विसरली आणि नुसतंच “हं” म्हणाली, तरी तो झोपला.

मग तिच्या मुलाची पाळी आली. ती त्याच्यासमोर उभी राहिली, डाव उचलला, पण टेकवण्याआधीच त्याचे डोळे मिटलेले होते. तोंड किंचित उघडं, हात खुर्चीबाहेर लोंबकळत. लहान असताना शाळेतून आल्यावर दप्तरासकट झोपायचा तसा.

बहिणीने डाव खाली ठेवला. मग माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, “दादा, माझ्यात काही नाही रे.”

“नाही,” मी म्हटलं. “तुला लहानपणापासून ओळखतो मी. काहीसुद्धा नाही.”

“मग त्या माणसातही काही नाही.”

“नाही.”

ती खाली बसली. “आणि त्या पोरीतही…” एवढंच म्हणाली.

डॉक्टरबाईंनी त्या दिवशी कुणाला उठवलं नाही. तुम्हाला जागं ठेवून महाराज जी झोप दाखवत होते, ती तुमचीच होती, असं त्यांनी नंतर जागे झालेल्यांना सांगितलं. काहींना पटलं. काहींना डाव सिद्ध आहे असं वाटलं आणि दुसऱ्या दिवशी कँटीनमधून तो नाहीसा झाला.

बहीण मला घेऊन पोस्टात गेली. काउंटरपुढे रांग होती. ती रांगेत उभी राहिली. नंबर आल्यावर सुनेने वर पाहिलं आणि परक्या गिऱ्हाइकाला विचारावं तसं विचारलं, “काय हवंय?”

“घरी चल,” बहीण म्हणाली. “चुकलं माझं.”

मागच्या माणसाने घड्याळात पाहिलं. सूनबाईने हातातलं पाकीट तोललं, शिक्का मारला, बाजूला ठेवलं. मग म्हणाली, “आई, तुम्ही मला चोर म्हणालात ते गल्लीत म्हणालात. आता काउंटरच्या जाळीतून हळूच चल म्हणताय. शेजारणींना काय कळणार? सगळ्यांना वाटेल, दया येऊन परत घेतली.”

बहिणीला राग येईल असं मला वाटलं. ती स्वाभिमानी आहे, माझ्यापेक्षा दसपट. पण ती म्हणाली, “मग तूच सांग.”

“जिथे म्हणालात तिथे म्हणा. आणि ह्यांना सांगा, न्यायला ह्यांनी स्वतः यायचं. झोप काढून या म्हणावं, मला घाई नाही.”

रविवारी सुनेचा भाऊ आला तो आपल्या बहिणीला, म्हणजे सूनबाईला, पोहोचवायला आला. तिला न्यायला गेलेला भाचा स्वतः बॅग उचलून पुढे चालत होता. गल्लीत शेजारणी दारादारांत होत्याच, अशा वेळी त्यांना बोलवावं लागत नाही. माझी बहीण उंबऱ्याबाहेर आली आणि कुणाकडेही न बघता मोठ्याने म्हणाली, “माझ्या सुनेने कुणाची झोप चोरली नाही. ती वेळेवर झोपते, एवढाच तिचा गुन्हा. माझ्या मुलाची झोप कारखान्याच्या दिव्याने आणि त्या उलट्या पाळीने गेली. मी मूर्खपणा केला. तुमच्याही घरांतून ज्यांना काढलंत, त्यांना आणा.”

गल्लीत कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. एकीने दार लावून घेतलं. दुसरी, जिची सून गेले कित्येक दिवस माहेरी होती, ती पदराने डोळे पुसू लागली.

निद्रामहाराज पुढच्या आठवड्यात गेले. शेजारच्या गावात ते आता मधुमेह उतरवतात असं ऐकलं. डॉक्टरबाई अजून पाळ्यांसाठी भांडताहेत. कारखान्याचा मॅनेजर म्हणतो युनियनला विचारा, युनियन म्हणते तो आमचा विजय आहे. एका खात्यात तेवढी सुलटी पाळी करून बघताहेत. भाचा रात्रपाळी सुटल्यावर काळा चष्मा लावून घरी येतो, गल्लीतली पोरं त्याला हिरो म्हणतात. खोलीला जाड पडदा लागला आहे. झोप पूर्वीसारखी नाही, पण कपाटात चप्पल शोधत नाही. काम तसं असेल तर इतपतच, असं डॉक्टरबाई स्पष्ट सांगतात. त्या चमत्कार करत नाहीत.

वाचकहो, उद्या तुमच्याकडेही कुणी तरी येईल. त्याची काठी वेगळी असेल, मंत्र वेगळा असेल, आणि आपल्या त्रासाचा चोर आपल्याच घरात आहे हे तो गोड आवाजात सांगेल. मी आता थकलो आहे, मला बोलावू नका. त्याला फक्त विचारा, हे दुसऱ्या वेळी होतं का, आणि दुसऱ्या कुणाच्या हातून होतं का? झोप येत नसेल तर डॉक्टरकडे जा, उजेड केव्हा डोळ्यांत जातो ते बघा, वेळा सांभाळता आल्या तर सांभाळा. माणसाला घराबाहेर काढण्याआधी खिडकीला एक पडदा लावून बघायला काय हरकत आहे?